'ढ'ची वही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

१९८७ सालच्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला फोन करून सांगितलं की, 'रोजच्या सवयी आणि स्वतःची प्रगती' यावर दहा मिनिटं बोल. मी म्हटलं, "अरे, आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. नापास झालेल्याला कशाला उभं करता?" तर म्हणाला, "म्हणूनच." तेव्हा आधी तेच सांगून मोकळा होतो. मी याआधीच्या दोन्ही मेळाव्यांना आलो नाही, ते कामामुळे नाही. कारखान्यातून एक दिवस काढता येतो. लाज वाटत होती म्हणून आलो नाही.

जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात गुणपत्रिका वाटल्या, तेव्हा माझे दोन विषय गेले होते, गणित आणि इंग्रजी. तुम्ही पेढे वाटत होता. मी मागच्या फाटकातून सायकल काढली. खरं सांगायचं तर मला धक्का बसला नव्हता. पाचवीपासून मी 'ढ' होतो. शेवटचा बाक माझा, पट्टी माझ्या हातावर. आपण 'ढ' आहोत हे मला डोळ्यांचा रंग सांगावा इतकं पक्कं ठाऊक होतं. रंग काही अभ्यास करून बदलत नाही!

त्याच पावसाळ्यात मी कोल्हापूरला उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो. पहिले काही महिने झाडू मारायचा, लोखंडाचा कीस गोळा करायचा, चहा आणायचा. मग मिस्त्रींनी हळूहळू मशीनवर उभं केलं. आणि वर्षभरात माझ्या हातून मोठी चूक झाली.

शंभर मिलिमीटर व्यासाचे अठरा रोलर टर्निंग करायचे होते. मी प्रत्येक जॉब उतरवण्याआधी मायक्रोमीटर लावून मापला, सगळे बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी मापले, तर सगळे बारीक! कापताना पोलाद तापतं आणि फुगतं. एवढ्या व्यासाचा जॉब चाळीस अंशांनी गरम असला, तर मिलिमीटरचे जवळजवळ पाच शंभरांश जास्त दाखवतो. मी गरम जॉब मापत होतो. रात्री तो थंड झाला आणि आकसला. जाड राहिलेला जॉब परत घेता येतो, बारीक झालेला भंगारात जातो. अठराच्या अठरा गेले.

मला वाटलं, आता हाकलणार. मी म्हणालो, "मिस्त्री, माझ्या डोक्यात शिरतच नाही. मी पहिल्यापासून ढ आहे." त्यांनी पानपट्टीवरून चाळीस पानी वही आणून हातात दिली. म्हणाले, "रोज मशीन बंद केल्यावर तीन ओळी लिहायच्या. आज काय चुकलं, का चुकलं, उद्या काय बदलणार. आणि 'का' लिही, 'कोण' लिहू नको. मी ढ आहे, हे कारण नव्हे. जॉब गरम होता, हे कारण."

मित्रांनो, शाळेच्या दहा वर्षांत आणि नंतर जे वाचलं त्यात, माझ्या उपयोगी पडलेलं सगळ्यात मोठं वाक्य हेच. कारण 'मी ढ आहे' यावर उद्या सकाळी करण्यासारखं काहीच नसतं. 'जॉब गरम होता' यावर असतं. थांबायचं, थंड होऊ द्यायचा, मग मापायचा.

त्या ऑक्टोबरात गणित सुटलं नाही. पुढच्या मार्चला सुटलं आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरात इंग्रजी. तोपर्यंत गणिताच्या चुकाही त्याच वहीत लिहायला लागलो होतो. तेव्हा कळलं, मला गणित येत नव्हतं असं नाही. मला अपूर्णांक येत नव्हते, आणि त्यामुळे पुढचं काहीच येत नव्हतं. सहावीतला तो एक खड्डा होता, मी मात्र त्याला जन्माचा स्वभाव समजून बसलो होतो.

आता सवयीबद्दल. वही रोज लिहिली, असं मी सांगणार नाही. २००३ साली वडील गेले, तेव्हा पाच महिने एक ओळ लिहिली नाही. मग वाटलं, सवय तुटली, आता कशाला? आपण फार लोक इथेच सोडतो. 'एकवीस दिवस केलं की सवय लागते', असं आपण ऐकतो. माझ्या मुलीने मला हे नीट समजावून सांगितलं. एकवीस दिवसांची गोष्ट मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरली. ऑपरेशननंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला, तर फारसं बिघडलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून किती हलकं वाटलं असेल!

वही टिकली ती माझ्या निश्चयामुळे नाही. ती मशीनच्या बटणाला बांधलेली होती म्हणून टिकली. बटण बंद, की वही उघडायची. आणि तीनच ओळी. पानभर लिहायचं ठरवलं असतं, तर आठवड्यात बंद पडलं असतं.

आता जे सांगणार आहे, ते घराबाहेर कधी बोललो नाही. २०१६ साली माझा मुलगा बारावीला गणितात नापास झाला. आणि मी, शेवटच्या बाकावरचा माणूस, चार पाहुण्यांसमोर त्याला म्हणालो, "ढ तो ढच राहणार." तो ताटावरून उठला. त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. माझ्या आधी जेवायचा, नाहीतर नंतर.

त्या रात्री वहीत मी लिहिलं, "मुलगा अभ्यास करत नाही." पुढे कित्येक दिवसांनी पान उलटताना ते दिसलं. 'का' नव्हतंच तिथे, 'कोण' होतं. मिस्त्रींनी वही परत फेकली असती. खाली दुसरी ओळ लिहिली, "आज मी त्याला गरम असताना मापलं."

मग माळ्यावरची पहिली वही काढली आणि त्याच्या गादीवर ठेवली. काही बोललो नाही. दोन दिवसांनी तो आला आणि म्हणाला, "बाबा, अठरा रोलर?" मी म्हटलं, "अठरा." आणि आम्ही दोघंही हसलो.

तो पुढे बोर्डात आला वगैरे काही नाही. फेरपरीक्षेत पास झाला. आज माझ्याकडे सीएनसी मशीन तो चालवतो आणि माझ्यापेक्षा कमी माल वाया घालवतो. पण ते तीन आठवडे मला परत मिळणार नाहीत. बारीक झालेला जॉब परत जाड होत नाही.

कॅरल ड्वेक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं यावर २००६ सालचं पुस्तक आहे. बुद्धी जन्मतः ठरलेली आहे असं मानणारा आणि ती मेहनतीने वाढते असं मानणारा, हे दोघं एकाच अपयशाकडे किती वेगळं बघतात, हे त्यात आहे. त्या शिकागोतल्या एका शाळेचं उदाहरण देतात. तिथे नापास मुलाच्या पुढे 'नापास' लिहीत नसत, 'अजून नाही' असं लिहीत. किती छोटा शब्द आहे, 'अजून'!

पण हा शब्द मला त्याआधीच मिळाला होता, आणि तो याच शाळेत. निकालानंतर पंधरा दिवसांनी एसटी स्टँडवर आपले गणिताचे सर भेटले. मी खांबामागे लपलो. त्यांनी शोधून काढलं. का नापास झालास, असं विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "ऑक्टोबरचा फॉर्म भरलास का रे?" सर, आज तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी मी नुसती मान हलवली आणि पळालो. फॉर्म भरला नव्हता. घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी भरला. हे सांगायचं राहून गेलं होतं.

मित्रमैत्रिणींनो, आपण आता पन्नाशी ओलांडली. कुणाची साखर वाढलीय, कुणाचं भावाशी बोलणं बंद आहे, कुणाला वाटतं की आता मोबाईल काय, पोहणं काय, शिकायचं वय गेलं. आज रात्री घरी गेल्यावर दिवा मालवण्याआधी तीन ओळी लिहून बघा. काय, का, आणि उद्या काय. 'कोण' लिहू नका, तिथे स्वतःचंही नाव नको. चार दिवस चुकले, तर पाचव्या दिवशी लिहा.

आणि घरात कुणी नापास झालं, हरलं, चुकलं, तर त्याला लगेच मापू नका. थोडं थंड होऊ द्या. आधी स्वतःला.

पुढच्या मेळाव्याला मी येणार आहे.