हुकूमशाहीचे खापर कोणाच्या माथी?



हिटलरशाही कोसळल्यावर जर्मनीतील परंपरानिष्ठ विद्वानांनी तिची मीमांसा कशी केली, हे आपण पाहू.

वृद्ध इतिहासकार फ्रीड्रिख माइनेके ह्यांनी १९४६ साली प्रशियाच्या लष्करी वृत्तीचा दोष मान्य केला, हे त्यांच्या प्रामाणिकपणास शोभेसेच होते. परंतु त्यांनी सुचविलेला उपाय कोणता? गावोगावी गटेच्या नावाने वाचनमंडळे काढावीत! गटेच्या वायमार नगरीलगतच बुखेनवाल्डची छळछावणी होती.

गेर्हार्ड रिटर ह्यांनी हिटलरच्या काळात तुरुंगवास सोसला होता. म्हणून त्यांचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे. त्यांच्या मते हुकूमशाहीचे मूळ जर्मन परंपरेत नसून फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू झालेल्या समूहांच्या राजकारणात आहे. सामान्य माणसास मताधिकार दिला की अनर्थ ओढवतो, हा सूर आपल्या कानांना अपरिचित नाही. पण नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षास शेकडा ३३ च मते पडली होती आणि जुलैच्या मानाने ती घटलेली होती. ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चान्सेलर नेमले ते हिंडेनबुर्गने, पापेनसारख्या सरदारांच्या सल्ल्याने. मग खापर समूहाच्या माथी का?

वकील म्हणून मला अधिक अस्वस्थ करतात ते कार्ल श्मिट. १९३४ साली हिटलरने खटल्यावाचून माणसे ठार मारविली, तेव्हा नेताच कायद्याचा रक्षक आहे, असे ह्या कायदेपंडिताने लिहिले. १९३६ साली ज्यू ग्रंथकारांची पुस्तके ग्रंथालयांत वेगळी ठेवावीत, अशी मागणी त्याने केली. पुस्तकांनाही विटाळ! न्यूरेंबर्ग येथे त्याची चौकशी झाली व आरोप न ठेवता त्याला सोडण्यात आले. पुढे १९५० च्या पुस्तकात त्याने स्वतःची तुलना मेल्व्हिलच्या कथेतील बेनितो सेरेनो ह्या बंदिवान कप्तानाशी केली. त्या जहाजावर कोण होते? नेले जाणारे गुलाम. त्यांनी बंड केले म्हणून कप्तान बंदिवान झाला. श्मिटला कप्तानाचे दुःख दिसले. ती गुलाम माणसे दिसली नाहीत.

त्याच सुमारास, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी घटना समितीत हुकूमशाहीचा मार्ग दाखविला तो राजकारणातील भक्तीकडे बोट करून. मताधिकाराला त्यांनी दोष दिला नाही. मतामतांत समता आणि जीवनात विषमता, ह्या विसंगतीला दिला. श्मिट मात्र १९८५ साली, ९६ व्या वर्षी वारला, तोवर त्याने जाहीर पश्चात्ताप केला नाही.