परत बोलावलेली बोट

आज कोडिंग नाही, एआय नाही. आज एका बोटीची गोष्ट आहे. तिला तिच्या जुन्या कंपनीने एकदा बाहेर पाठवलं आणि आठ वर्षांनी परत बोलावलं. ही गोष्ट मला आत्ताच का सांगायचीय, ते शेवटी सांगतो.

मागच्या हिवाळ्यात आईबाबांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझला गेलो. बॅलार्ड पियरवरून बोट सुटते, तीच कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर दिवसरात्र जिचं नाव होतं, तीच. त्या प्रकरणात आपण जायचं नाही. माझे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. बोटीवर चढल्यावर सगळे सेल्फी काढत होते आणि बाबा जिन्याचा कठडा बोटाने ठोकून बघत होते. म्हणाले, "चेसिस जुनी आहे रे. बॉडी नवीन बांधलीय. पण मेंटेनन्स चांगलाय."

रूमवर जाऊन मी शोधलं, तर बाबा शंभर टक्के बरोबर!

ही बोट फ्रान्समधल्या सेंट-नझैरला बांधली, १९९० मध्ये. मालक रॉयल कॅरिबियन, नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. तेव्हा क्रूझ म्हटलं की आठवडाभराची सुट्टी, असं समीकरण होतं. ही बोट मात्र मुद्दाम तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बांधलेली. शुक्रवारी मायामीहून बसा, बहामाला जा, सोमवारी ऑफिसला हजर. मायामीत तिचं बारसं झालं, तेव्हा तिची 'गॉडमदर' होती गायिका ग्लोरिया एस्तेफान. तिचा जन्म क्युबातल्या हवाना शहरातला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्या काळात बोटी राक्षसासारख्या वाढत गेल्या. त्याच कंपनीची २०२४ मधली 'आयकॉन ऑफ द सीज' बघा. लांबी ३६५ मीटर, आकार अडीच लाख ग्रॉस टनांच्या आसपास. (ग्रॉस टन म्हणजे वजन नाही हं, आतल्या जागेचं माप.) आपली एम्प्रेस २११ मीटर, ४८,५६३ ग्रॉस टन. म्हणजे आयकॉनच्या पोटात पाच एम्प्रेस बसतील. एका खोलीत दोघे धरले, तर एम्प्रेसवर सुमारे १,६०० माणसं आणि आयकॉनवर साडेपाच हजारांहून जास्त. शिवाय एम्प्रेसवर बाल्कनी मोजक्याच खोल्यांना. आता लोक बाल्कनीसाठीच पैसे देतात.

मग २००८ मध्ये तिला पुलमन्तूरकडे पाठवलं. पुलमन्तूर ही रॉयल कॅरिबियनच्याच मालकीची स्पॅनिश कंपनी. आपल्या भाषेत, मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला. नाव उरलं नुसतं 'एम्प्रेस'. सहसा अशा बोटीची पुढची पायरी ठरलेली असते. आणखी छोट्या कंपनीकडे विक्री आणि शेवटी भंगार.

पण इथे गोष्ट फिरली. डिसेंबर २०१४ मध्ये ओबामांनी क्युबाशी संबंध सुधारायची घोषणा केली. अर्ध्या शतकाचं वैर होतं हो! सगळ्या क्रूझ कंपन्यांचे कान टवकारले, कारण मायामीपासून हवाना एका रात्रीवर आहे. अडचण अशी, की हवानाच्या बंदराचं तोंड अरुंद आहे आणि त्या पाण्याखालून १९५८ पासून गाड्यांचा बोगदा जातो. म्हणजे तळ हवा तितका खोल खणता येत नाही. धक्काही जुना आणि छोटा. ज्या राक्षसी बोटींवर कंपन्यांनी अब्जावधी खर्च केले, त्या तिथे कामाच्या नाहीत.

२०१५ च्या शेवटी रॉयल कॅरिबियनने सांगितलं, एम्प्रेस परत येतेय. क्युबाची परवानगी तेव्हा हातात नव्हती. पण त्या बंदरात मावेल अशी बोट ताफ्यात असणं महत्त्वाचं होतं.

परत येणं सोपं गेलं नाही. तिची स्वयंपाकघरं अमेरिकन आरोग्य नियमांत बसवायला इतकं काम निघालं, की २०१६ च्या सुरुवातीच्या सफरी रद्द कराव्या लागल्या. ज्यांनी जुना कोड नव्या सर्व्हरवर चढवलाय, ते आत्ता हसत असतील. वरून दोन दिवसांचं काम वाटतं, उघडलं की दोन महिने!

शेवटी एप्रिल २०१७ मध्ये ती हवानाला पोचली. जिच्या गॉडमदरचा जन्म तिथला, ती बोट बारशानंतर २७ वर्षांनी त्या गावी गेली. हे मी डेकवर उभा राहून वाचत होतो, खरं सांगतो, अंगावर काटा आला.

आता इथे थांबलो असतो तर छान मोटिव्हेशनल रील झाली असती. जुनं ते सोनं, संयम ठेवा, तुमची वेळ येईल वगैरे. पण गोष्ट पुढे आहे.

जून २०१९. ट्रम्प सरकारने अमेरिकेतून क्युबाला जाणाऱ्या क्रूझवर बंदी घातली. ४ तारखेला जाहीर झालं, ५ पासून लागू. एका रात्रीत! बोट तीच, कर्मचारी तेच, चूक कोणाचीच नाही. पण जिच्यासाठी तिची किंमत होती, ती जागाच नकाशावरून गेली. पुढच्या वर्षी कोविड आला आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने ती विकून टाकली.

मग ती परत आली याचा उपयोग काय झाला? मी याचा बराच विचार केला. पुलमन्तूरकडे अशाच जुन्या दोन बोटी होत्या, 'सॉव्हरिन' आणि 'मोनार्क'. त्यांना कोणी परत बोलावलं नाही. २०२० मध्ये पुलमन्तूर बुडाली आणि दोन्ही बोटी तुर्कस्तानात अलियागाच्या किनाऱ्यावर तोडायला गेल्या. एम्प्रेस तिथेच राहिली असती तर कदाचित तीही त्याच रांगेत असती. परत आली, डागडुजी झाली, म्हणून चालू स्थितीत विकली गेली. आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप करू लागली. दोन-तीन रात्रींच्या छोट्या सफरी. म्हणजे १९९० मध्ये जे काम करायला ती जन्मली, तेच. फक्त समुद्र बदलला.

आता माझं. सहलीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या पहिल्या कंपनीतल्या मॅनेजरचा मेसेज आला होता. "परत येतोस का?" तीन वर्षांपूर्वी तिथून निघालो, तेव्हा माझी जुनी सिस्टिम कोणाला नको होती. आता एका मोठ्या ग्राहकाचं काम त्याच सिस्टिमवर अडलंय आणि ती समजणारी माणसं उरली नाहीत. मेसेज वाचून छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. बघा, शेवटी माझ्याकडेच आले!

एम्प्रेसची गोष्ट वाचून ती हवा जरा उतरली. मला माझ्यासाठी बोलावलेलं नाही. एक बंदर आहे, त्यात मी मावतो, म्हणून बोलावलंय. त्यात अपमान काही नाही. पण माहीत असलेलं बरं.

म्हणून परत आल्यावर फोन केला आणि विचारलं, "सर, हे एक काम संपलं तर माझं काय?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "दीड-दोन वर्षांचं काम नक्की आहे. पुढचं मी शब्द देऊ शकत नाही." मला हे उत्तर आवडलं. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. आठवड्यातला एक दिवस नवीन सिस्टिमवर काम करणार. जुनं बंद पडायच्या आत माझी डागडुजी मला करून घ्यायचीय. त्यांनी मान्य केलं. एक तारखेपासून रुजू.

बाबांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "जा. पण जाताना स्टेपनी बघून जा."

तुम्हाला कधी जुन्या ठिकाणाहून परत बोलावणं आलं का? गेलात का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया पुढच्या रविवारी. काळजी घ्या!