अपरिचित उमेदवार आणि विटलेला मतदार

उमेदवार अपरिचित असणे ही नेहमी उणीवच ठरते असे नाही. अमेरिकेत ऑगस्ट १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणापायी अध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागले. महिनाभरात त्यांच्या जागी आलेल्या फोर्ड यांनी त्यांना माफी दिली. व्हिएतनामच्या युद्धाने आधीच पोळलेला मतदार राजधानीतील प्रत्येक परिचित चेहऱ्याकडे संशयाने पाहू लागला. त्याच डिसेंबरात जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी डेमोक्रॅटिक पक्षातर्फे आपली उमेदवारी जाहीर केली, तेव्हा ‘हे जिमी कोण?’ असेच लोक विचारीत.

कार्टर हे भुईमूग पिकविणारे. वॉशिंग्टनशी आपला संबंध नाही, हेच त्यांनी भांडवल केले. आयोवासारख्या शेतीप्रधान राज्यात ते गावोगाव हिंडले, समर्थकांच्या घरी मुक्कामास राहिले (त्यात हॉटेलचा खर्चही वाचला), आणि आपण कधीही खोटे बोलणार नाही असे वचन देत राहिले. न्यू हॅम्पशायरच्या थंडीत तर जॉर्जियाहून आलेले त्यांचे स्नेही दारोदार फिरले. विटलेल्या मतदाराला जाहीरनाम्यापेक्षा उंबरठ्यावर आलेला माणूस अधिक खरा वाटतो. जानेवारी १९७६ मध्ये आयोवातील पक्षसभांत कार्टरांना सुमारे २८ टक्के पाठिंबा मिळाला. उमेदवारांत ते पहिले. तथापि कोणाच्याच बाजूने कौल न देणारे सुमारे ३७ टक्के होते! वृत्तपत्रांनी मात्र विजय कार्टरांचाच मानला. नोव्हेंबरात ते अध्यक्षपदी निवडून आले.

हे भांडवल पुन्हा उपयोगी पडले नाही. १९८० मध्ये महागाई आणि इराणमधील ओलिसांचा प्रश्न डोक्यावर असताना ते राजधानीतील सत्ताधारी म्हणून मतदारांपुढे आले, आणि ५० पैकी अवघी ६ राज्ये त्यांच्या हाती लागली.