संपूर्ण दप्तर खुले करा

आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हणून आपला बराचसा इतिहास उर्दू आणि मोडी दप्तरांत आहे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि सापडलेल्या नोंदी संगणकावर चढू लागल्या. दाखल्यासाठी का होईना, दप्तरांवरील धूळ झटकली गेली. परंतु ज्या खासरापत्रकांत आणि कूळ नोंदवह्यांत जात शोधली, त्यांतच जमीन कोणाची व कसणारा कोण, हेही लिहिलेले आहे. १९५० चा हैदराबाद कूळकायदा गावोगाव कितपत उतरला, हे तेथेच तपासता येईल. तेव्हा निवडक पाने नकोत, संपूर्ण दप्तर खुले करा, अशी मागणी आपण केली पाहिजे. तालुक्यातालुक्यांत मोडी-उर्दूचे वर्गही काढले पाहिजेत. वाचता न येणारे दप्तर पडद्यावर आले तरी बंदच राहते.