तत्त्वज्ञानाचे उच्च शिक्षण : दोन परंपरांचे वारस घडावेत

(पदवीधर विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मुलाने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला की घरोघरी पेढे जातात. त्याने तत्त्वज्ञानात एम.ए. करण्याचे ठरवले, तर मात्र घर चिंतेत पडते. 'पुढे पोटापाण्याचे काय?' हा पहिला प्रश्न आणि 'गीता-उपनिषदे घरीही वाचता येतात, त्यासाठी विद्यापीठ कशाला?' हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचा विचार आधी करणे सोयीचे.

घरी होते ते वाचन आणि चिंतन. विद्यापीठात व्हायला हवी ती परीक्षा. भारतीय शास्त्रकारांनी सिद्धान्तापूर्वी नेहमी पूर्वपक्ष मांडला. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य सांख्य, वैशेषिक, बौद्ध, जैन यांची मते आधी सांगतात आणि मग त्यांचे खंडन करतात. ज्ञानमीमांसा, सत्ताशास्त्र, नीतिशास्त्र, तर्कशास्त्र या विषयांच्या अभ्यासातून हीच शिस्त अंगी बाणायला हवी. आपल्याला प्रिय असलेल्या मतावरचा सर्वांत प्रखर आक्षेप ज्याला स्वतः लिहून काढता येतो, त्याची दोन वर्षे सार्थकी लागली असे समजावे.

महाराष्ट्राला या विद्येची मोठी परंपरा आहे. खानदेशातील अमळनेर येथे गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजींनी तेथे अध्ययन केले. बंगालचे थोर तत्त्वचिंतक कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी तेथे संचालकपद भूषविले. याच भट्टाचार्यांचे 'विचारांतील स्वराज्य' या विषयावरील व्याख्यान त्यांच्या मृत्यूनंतर, १९५४ साली प्रसिद्ध झाले. परकीय कल्पना स्वीकारणे हा त्यांच्या मते दोष नव्हे. स्वतःच्या विचारांशी त्यांची तुलना न करताच त्या स्वीकारणे, हे खरे दास्य. आणि परकीय म्हणून एखादा विचार न तपासताच नाकारणे, हेही त्यांना मान्य नव्हते.

आजची अडचण नेमकी येथे आहे. विद्यापीठातील पुष्कळ विद्यार्थी कांट वाचतात, पण न्यायसूत्रे अनुवादातूनच जाणतात. पाठशाळेतील विद्यार्थी न्यायग्रंथ पंक्तिशः लावतो, पण आधुनिक तर्कशास्त्राशी त्याची भेट होत नाही. हे अंतर ओलांडण्याचा एक प्रयत्न १९८३ साली पुण्यात झाला. प्रा. मे. पुं. रेगे, प्रा. दया कृष्ण आदी अभ्यासकांनी पारंपरिक पंडित आणि आधुनिक प्राध्यापक यांना समोरासमोर बसविले. बर्ट्रांड रसेलच्या तर्कविचारातील प्रश्न संस्कृतातून पंडितांपुढे ठेवले गेले. या चर्चेचा 'संवाद' हा ग्रंथ १९९१ साली प्रकाशित झाला.

एकाच व्यक्तीने दोन्ही तीर गाठल्याचे उदाहरण म्हणजे बिमल कृष्ण मतिलाल. कोलकात्याच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच त्यांनी पंडितांकडून नव्यन्याय आत्मसात केला आणि तर्कतीर्थ ही पदवी मिळविली. पुढे हार्वर्डला जाऊन आधुनिक तर्कशास्त्राचा अभ्यास केला आणि नव्यन्यायातील अभावविचारावर प्रबंध लिहिला. १९७६ साली ते ऑक्सफर्डमध्ये स्पाल्डिंग प्राध्यापक झाले. भारतीय दर्शन म्हणजे केवळ गूढानुभव, हा पाश्चात्त्यांचा समज त्यांनी अभिनिवेशाने खोडला नाही; ग्रंथातील युक्तिवाद उलगडून दाखवला.

आता पहिला प्रश्न. येथे गोड बोलून चालणार नाही. प्राध्यापकपदाच्या जागा थोड्या आहेत आणि वाट लांबची आहे. एम.ए.ला किमान ५५ टक्के गुण, मग नेट किंवा सेट, पुढे पीएच.डी. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३पासून लागू आहे. परंतु ती गुणवत्तायादीतील थोड्यांनाच लाभते. म्हणून विद्यार्थ्याने संपादन, अनुवाद, विधी अथवा स्पर्धा परीक्षा यांपैकी एखादी दुसरी वाट आरंभापासून मोकळी ठेवावी. त्यात कमीपणा नाही.

प्रवेश घेताना केवळ विद्यापीठाचे नाव पाहू नये. मूळ ग्रंथ पंक्तिशः शिकविणारा गुरू तेथे आहे का, संस्कृत वा पाली शिकण्याची सोय आहे का, विद्यार्थ्याने विचारलेल्या शंकेचे स्वागत होते का, हे पालकांनी प्रत्यक्ष जाऊन विचारावे. अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला या विषयात प्रवेश मिळू शकतो. तेव्हा विज्ञान शिकलेल्या मुलींनी आणि मुलांनीही याचा विचार करावा.

अमळनेरला एका उद्योजकाने तत्त्वचिंतनाला आसरा दिला. प्रत्येकाला संस्था उभारणे शक्य नाही. परंतु घरातील एखादा जिज्ञासू मुलगा वा मुलगी ही वाट मागत असेल, तर चार-पाच वर्षांचा धीर आणि ग्रंथांचा खर्च एवढे मध्यमवर्गीय कुटुंबालाही देता येते. शंकराचार्यांना आणि रसेललाही मुळातून वाचणारा अभ्यासक असा धीर धरणाऱ्या घरातूनच येईल.