रात्रभराची सामुदायिक प्रार्थना



ख्रिस्ती लोक रात्र जागून प्रार्थना करतात हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. वास्तविक वाटू नये. हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकू द्यायची नाही, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जायची, हा पहारा आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. जर्मनीतील हेर्नहुट गावी 1727 च्या ऑगस्टमध्ये मोरेव्हियन पंथाच्या 24 पुरुषांनी व 24 स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास असेच वाटून घेतले, आणि तो पहारा शंभरावर वर्षे चालला. जागरणाचे मूळ मात्र गेथशेमानेच्या बागेत आहे. येशूने पकडले जाण्याच्या रात्री शिष्यांना जागे राहण्यास सांगितले आणि ते झोपी गेले. तेव्हा ही परंपरा एका अपयशातून निघाली आहे, हे आम्हा संयोजकांना पुढे फार धीर देऊन गेले!

एका पंथाने जागणे निराळे आणि पाच पंथांनी एका छपराखाली जागणे निराळे. रोमन कॅथलिकांना इतरांच्या उपासनेत भाग घेण्याची मुभा पूर्वी सामान्यतः नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ऐक्याविषयी निर्णय केला, तेव्हा ते दार किलकिले झाले. नागपुरास 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तरी गावोगाव भिंती उरल्याच.

काही वर्षांपूर्वी, 18 ते 25 जानेवारीच्या ऐक्य-सप्ताहात, आम्ही शनिवारची एक रात्र ठरविली. पहिल्या बैठकीत प्रार्थनेचा शब्दही निघाला नाही. पत्रकावर कोणाचे नाव आधी घालावे यातच दोन तास गेले. शेवटी मुळाक्षरांच्या क्रमाला शरण गेलो. जागा कोणाच्याच मालकीची नको म्हणून शाळेचा दिवाणखाना घेतला.

खरी अडचण प्रभूच्या प्रार्थनेत निघाली. ती तर सर्वांची! पण मराठी शब्द थोडे थोडे वेगळे, आणि प्रॉटेस्टंट शेवटी देवाचा गौरव करणारी एक ओळ जोडतात, कॅथलिक तिच्या आधी थांबतात. तालमीत निम्मे लोक थांबले, निम्मे पुढे गेले, आणि सारेच ओशाळले. मग ठरले की ज्याला जी येते ती त्याने म्हणावी, आणि आधी संपेल त्याने थांबावे.

नऊ ते पाच असे आठ तास होते. पाच पंथांना एकेक तास, उरलेले तीन सर्वांचे. पेंटेकॉस्टल बंधू सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, कॅथलिक भगिनींना जपमाळ हळू म्हणायची असते. 2000 सालच्या नियमाप्रमाणे दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागला, हे उत्तम झाले. दोन ते तीन हा मौनाचा तास कोणीच मागितला नव्हता. त्या वेळी अकराजण जागे होते, त्यांतले दोघे चहावाले. तिनाला मुक्तिफौजेच्या एका गृहस्थांनी पेटी ओढून ना. वा. टिळकांचे भजन धरले आणि सतरंजीवरची मंडळी एकेक करून उठून बसली.

प्रभुभोजन मात्र आम्ही ठेवले नव्हते. भाकर आणि द्राक्षरस यांचा तो विधी. कॅथलिकांच्या नियमाप्रमाणे तो सामान्यतः त्यांच्याच लोकांसाठी. काही मंडळ्या सर्वांना बोलावतात. मुक्तिफौज तो पाळतच नाही. फादर नको म्हणाले ते तुच्छतेने नव्हे. श्रद्धा एक झाल्यावाचून पंगत एक झाली असे दाखविणे त्यांना खोटे वाटत होते. हे आम्हाला पटले, आणि सलतही राहिले.

पहाटे पाचाला सगळे आपापल्या मंदिराकडे निघाले. दोन जावा रात्रभर एका शालीत बसल्या होत्या. एक मेथॉडिस्ट, एक कॅथलिक. फाटकापाशी थोरली थांबली आणि आमच्यातल्या एकाला म्हणाली, “पाळकसाहेब, रात्रभर एका सतरंजीवर बसवलंत, आता जेवायला वेगळ्या घरी धाडता? हा पंक्तिभेदच की!”

पाळकसाहेबांना उत्तर सुचले नाही. आम्हा कोणालाच सुचले नाही. धाकटीने शाल थोरलीच्या खांद्यावर टाकली आणि ती उजवीकडे वळली.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही तो प्रश्न कामकाजात पहिला विषय म्हणून लिहिला. तो दर वर्षी पहिलाच असतो.