हवेची बोट घेताना: उजनीच्या पाण्यात शिकलेल्या गोष्टी

हेडफोन नीट लावा, कारण आज मागे पंखा चालूये आणि तो बंद केला तर मी शिजेन. मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की नदीत गळ टाकायला हवेची बोट घ्यायची तर कुठली घेऊ? मॉडेलचं नाव मी सांगणार नाही. मी काय चूक केली आणि दुसऱ्यांदा काय बघून घेतली, ते सांगतो.

आमचं मूळ गाव भीमेकाठचं. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा शाळेत होते. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर येतं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. आमच्या गावाचं असं काही वर येत नाही. पण ओढा कुठून यायचा, हे अण्णा काठावर उभे राहून बोटाने दाखवतात. रिटायर झाल्यावर त्यांचं एकच म्हणणं होतं, त्या ओढ्याच्या तोंडाशी एकदा गळ टाकायचाय. आणि तिथे काठावरून गळ पोहोचत नाही.

मग मी काय केलं? आपण इंजिनिअर लोक करतो तेच. रात्री दोन वाजता रिव्ह्यू वाचले आणि 6,500 रुपयांची बोट मागवली. बॉक्सवर लिहिलेलं, तीन माणसं. अण्णा बघून म्हणाले, "आरं, ही बोट हाय का पोरांचा खेळ?" मी हसलो.

उजनीच्या फुगवट्यात बाभळीची खोडं बुडालेली आहेत. पाणी उतरत असताना ती वीतभर खाली असतात, दिसत नाहीत. काठापासून दोनेकशे फुटांवर आम्हाला फुस्स असा आवाज आला. त्या बोटीला बाहेरचा कप्पा एकच होता. म्हणजे एक भोक आणि खेळ खल्लास. अण्णा नदीवरचे, पोहतात, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी पुण्यात वाढलो, मला पोहता येत नाही. आणि लाइफ जॅकेट गाडीच्या डिकीत होतं, कारण ते घातलं की उकडतं. जाळी लावणारे एक काका होडी घेऊन आले, म्हणून आज मी माइकसमोर बसलोय. त्यांनी आम्हाला ओढून काढलं आणि पहिला प्रश्न मला केला, "पोहता येतं का?" मी नाही म्हणालो. ते पुढे काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं.

तर पहिली गोष्ट, कप्पे. बाहेरच्या ट्यूबला निदान तीन वेगवेगळे कप्पे हवेत आणि तळाचा वेगळा. एक गेला तरी बाकीचे तुम्हाला काठापर्यंत नेतात. सॉफ्टवेअरमध्ये आपण एका सर्व्हरवर सगळं ठेवत नाही ना, तसंच.

दुसरं, कापड. स्वस्त बोटी नुसत्या व्हिनाइलच्या असतात, पोहण्याच्या खेळण्यासारख्या. नदीसाठी आत पॉलिस्टरची जाळी असलेलं पीव्हीसी बघा, साधारण 0.9 मिलिमीटर जाडीचं. हायपॅलॉन उन्हाला जास्त टिकतं, पण महाग. वर्षातून आठ-दहा वेळा जाणाऱ्याला पीव्हीसी पुरतं. सांधे चिकटवलेले आहेत की उष्णतेने जोडलेले, हे मात्र विचाराच. आपल्याकडच्या उन्हात गोंद आधी हार मानतो.

उन्हावरून एक गणित, हे मला फार आवडतं. सकाळी 25 अंशाला तुम्ही 3 पीएसआय हवा भरली. बोट काठावर उन्हात पडली आणि आतली हवा 50 अंशाला गेली. गेज शून्य दाखवतं तेव्हाही आत वातावरणाचा 14.7 असतो, म्हणून एकूण दाब 17.7. तो तापमानाच्या प्रमाणात वाढून 19.2 होतो. म्हणजे ट्यूब फुगली नाही असं धरलं, तर गेजवर 4.5. दीडपट! सांधे उघडतात ते असे. म्हणून थोडी कमी हवा भरा, सावलीत ठेवा, आणि पाण्यात गेल्यावर ट्यूब थंड होऊन मऊ पडली की पुन्हा दोन-चार पंप मारा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेजशिवाय पंप घेऊ नका.

तळ. नुसत्या कापडी तळावर उभं राहता येत नाही, पाय रुततो. फळ्यांचा तळ भक्कम पण जड. मी ड्रॉप-स्टिचवाला घेतला, ज्यात दोन थरांमध्ये हजारो धागे असतात, त्यामुळे जास्त हवा भरली तरी तो सपाट आणि कडक राहतो. अण्णांना गुडघ्यामुळे खाली बसून उठता येत नाही, म्हणून हा खर्च केला. वरून जाड रबरी मॅट टाकली, कारण चिलापीच्या पाठीवरचे काटे आणि शिंगट्याचा कल्ल्यामागचा काटा बोटीचं काय करतील, ते सांगायला नको. मासा थेट बोटीत उडवायचा नाही, जाळीत घ्यायचा.

क्षमता. बॉक्सवर तीन माणसं लिहिलं असेल तर मी दोन धरतो. माणसं मोजू नका, किलो मोजा. आम्ही दोघं 143, वर नांगर, पाणी, डबा, गळाची बॅग. आमची आताची बोट तीन मीटरची आहे, 35 हजारांना पडली. आईला अजून 20 माहीत आहेत. (आई, तू हे ऐकत नाहीस अशी माझी खात्री आहे.)

वारा मात्र गंमत नाही. हवेची बोट हलकी आणि उंच, वाऱ्यात पानासारखी जाते, वल्ही मारून भागत नाही. 2024 च्या मे महिन्यात उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ती हवेची बोट नव्हती. वळवाच्या दिवसांत आम्ही सकाळी दहाच्या आत काठावर येतो, मासा लागो न लागो. पावसाळ्यात, धरणातून पाणी सोडत असताना, नदीत उतरतच नाही. प्रवाहात नांगर टाकाल तर दोर बोटीच्या पुढच्या टोकाला बांधा, बाजूला कधीच नाही. बाजूने पाणी आत चढतं. आणि दोर कापायला सुरी हाताशी हवी.

पंक्चरचं किट सगळेच देतात, पण गोंद नीट बसायला दिवस लागतो. ते घरी वापरायचं. घरी आल्यावर बोट धुऊन पूर्ण वाळवा, आणि गावाकडे ठेवणार असाल तर उंदरांपासून वाचवा. आमच्या काकांकडे कोपऱ्यात ठेवली होती, उंदरांनी पिशवी फाडून वल्ह्याचं रबर खाल्लं.

हां, आणि जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी संस्थेकडे किंवा ठेक्याने असते. गळ टाकण्याआधी तिथल्या लोकांना विचारा. आम्ही त्याच काकांना विचारतो. जाताना पुण्याहून त्यांना नायलॉनचा दोर नेतो, ते आम्हाला खोडं कुठे आहेत ते सांगतात.

नव्या बोटीतून गेल्या डिसेंबरात ओढ्याच्या तोंडाशी पोहोचलो. दोघांच्या अंगावर जॅकेट, माझं जरा जास्तच आवळलेलं. अण्णांनी गळ टाकला, तासभर काही लागलं नाही. मग खाली बघत म्हणाले, "इथं आमचा पिंपळ हुता." मी विचारलं, किती खाली असेल? त्यांनी गळाचा दोर वर ओढून हाताने मोजला, म्हणाले, "पाच पुरुष," आणि पुन्हा टाकला.

पोहायचा क्लास मी जानेवारीपासून लावलाय. अजून खोल बाजूला सोडत नाहीत. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या वेळी गळ आणि दोऱ्यांवर बोलू.